माल कोल्हापूरचा, सौदा कुणाचा?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाचे मॉडेल पायांत जे घालून चालले, ते आपल्या चप्पल लाईनमधल्या कुठल्याही दुकानदारानं लांबूनच ओळखलं असतं. कंपनीच्या लेखी मात्र ती नुसती चामड्याची सँडल होती, कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. पुढचा गदारोळ सगळ्यांना आठवत असेल. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी कोल्हापूरचेच. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. प्रेरणा भारतीय कारागिरांच्या परंपरेतून घेतल्याचं कंपनीनं मान्य केलं. जुलैत तिची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबरात संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकातलं तसंच महामंडळ यांच्याशी करार जाहीर झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून दोन हजार जोड बनवून घ्यायचे आणि एक जोड सुमारे आठशे युरोंना विकायचा, असं ठरलं.

या प्रकरणात संताप भरपूर झाला, आणि तो रास्तच होता. पण संताप ओसरल्यावर उरले ते कोरडे प्रश्न. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. ते इटलीत चालतं का? आपोआप चालत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारात अशा ओळखीला संरक्षण आहे, पण त्यातलं कडक संरक्षण वाइन आणि मद्यांच्या वाट्याला आलं आहे. बाकीच्या मालाला त्या त्या देशात वेगळी नोंदणी करावी लागते, नाहीतर दोन देशांत तसा करार असावा लागतो. मग दाद कोण मागणार? मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलैतच फेटाळली गेली. मानांकन ज्यांच्या नावावर आहे त्यांनी यावं, असा न्यायालयाचा रोख होता. आणि आठशे युरोंतले किती सुभाषनगर-जवाहरनगरातल्या कारागिराच्या हातात पडावेत, हे करारात कुठे आणि कोणत्या शब्दांत लिहायचं?

हे प्रश्न मोर्चानं सुटत नाहीत. ते सोडवणारी माणसं तयार व्हावीत म्हणून जो अभ्यासक्रम आहे, त्याला कॉलेजांच्या माहितीपत्रकात इंटरनॅशनल बिझनेस म्हणतात, आणि पोरं नुसतं 'आयबी' म्हणतात. बारावीनंतर बीबीए, पदवीनंतर एमबीए. निकालाच्या दिवसांत कोल्हापुरात या पदवीचे फलक लागतात. त्यावर विमान, पृथ्वीचा गोल आणि टाय बांधलेला हसरा मुलगा. पालक विचारतात, याचा फायदा काय? समुपदेशक सांगतात, परदेशात नोकरी, मोठं पॅकेज.

फायदा आहे, पण फलकावर छापलेला नव्हे. कोल्हापूर जिल्हा जगाला लागेल असा बराच माल तयार करतो. त्यातल्या बहुतेक मालाचा भाव मात्र पुण्यात, मुंबईत, अहमदाबादेत, नाहीतर थेट स्टुटगार्टमध्ये ठरतो. भाव ठरतो त्या टेबलाशी बसणारी आपली माणसं आपल्याकडे कमी आहेत. ही पदवी ती उणीव काही अंशी भरून काढू शकते. बाकीचे फायदे त्यामागून येतात, आणि काही तर येतच नाहीत.

परदेशी व्यापार ही शिकवण्याची गोष्ट आहे, ही कल्पना तशी जुनी नाही. फक्त आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनासाठी वाहिलेली थंडरबर्ड ही संस्था १९४६ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोनात सुरू झाली, तीही महायुद्धातल्या एका प्रशिक्षण विमानतळाच्या आवारात. आपल्याकडे परकीय चलनाची चणचण असताना, १९६३ मध्ये, केंद्र सरकारनं दिल्लीत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेड काढली. पुण्यात सिंबायोसिसनं १९९२ मध्ये, म्हणजे उदारीकरणाच्या पाठोपाठ, परदेशी व्यापाराची संस्था सुरू केली. आजची एसआयआयबी ती हीच. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत बीएफटी नावाची फॉरेन ट्रेडची पदवी होती, तिचं पुढे बीबीए आयबी झालं. नाव बदललं तशी मागणी वाढली, हेही नोंदवायला हवं.

कोल्हापूरला मात्र हा विचार यापेक्षा जुना आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली ती गुळाला बाजार मिळावा म्हणून. पिकवणारा आणि विकणारा यांच्यामध्ये पेठ लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. १९०६ मध्ये शाहू मिल निघाली. याच संस्थानात मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली. त्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकर अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला परत गेले, तेव्हा महाराजांनी त्यांना पैशाची मदत केली. त्याआधी दोन वर्षं बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. लंडनची जी डॉक्टरेट त्यांना मिळाली, तिचा विषय होता रुपयाची चलनव्यवस्था आणि त्याचा विनिमय दर. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ चा. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरनं नव्वदी ओलांडली, तेव्हा शिरोलीच्या कारखानदारांनी एकमेकांना जे विचारलं असेल, त्याचा शास्त्रीय विचार कोल्हापूरच्या मदतीनं शिकलेल्या माणसानं शंभर वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. आयबीच्या वर्गात तो क्वचितच वाचला जातो, हा भाग वेगळा.

आता वर्गात शिकवतात काय ते पाहू. ते समजून घ्यायला शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीइतकी चांगली जागा नाही. कोल्हापूरची फाउंड्री ही शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांच्या जोरावर वाढली. आज जिल्ह्यात शेकडो फाउंड्र्या आणि त्याहून जास्त मशिनशॉप आहेत. ट्रॅक्टर, ट्रक, इंजिन, पंप, व्हॉल्व्ह यांचे भाग इथून जातात. थेट निर्यात करणारे थोडे. बाकीच्यांचा माल पुण्याच्या किंवा चेन्नईच्या मोठ्या कंपनीमार्फत परदेशात पोचतो. ओतकामात आपली माणसं कुणालाही हार जाणार नाहीत. अडतं ते ओतकामानंतर.

समजा इंजिनाचं एक कव्हर जर्मनीला पाठवायचं आहे. पहिला प्रश्न, कागदावर त्याचं नाव काय? नुसतं ओतलेलं कास्टिंग असेल तर जगभरच्या सीमाशुल्क यादीत त्याची जागा ७३२५ या मथळ्याखाली. तेच मशिनिंग करून इंजिनाचा भाग म्हणून गेलं तर ८४०९ खाली आणि गाडीचा भाग म्हणून गेलं तर ८७०८ खाली. धातू तोच, पण कोड बदलला की कर बदलतो, सवलत बदलते आणि आता कार्बनचा हिशेबही बदलतो. युरोपीय संघानं १ जानेवारी २०२६ पासून लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत अशा मालावर कार्बन सीमाशुल्काची व्यवस्था प्रत्यक्ष लागू केली. आपला भाग त्या यादीत आहे की नाही, आज नसला तर उद्या येईल का आणि आला तर भट्टीच्या विजेचा हिशेब कसा द्यायचा, हे सांगणारं माणूस फाउंड्रीत असणं ही आता चैन राहिलेली नाही. २०२५ मध्ये अमेरिकेनं पोलादावर वेगळा, वाहनांच्या सुट्या भागांवर वेगळा आणि भारताच्या इतर बऱ्याच मालावर ऑगस्टअखेर पन्नास टक्के असा कर लावला. त्या दिवसांत कोणता भाग कोणत्या रकान्यात बसतो, यावर लाखोंची उलाढाल ठरत होती.

दुसरा प्रश्न, माल बोटीवर चढेपर्यंतची जोखीम कुणाची आणि नंतरची कुणाची? त्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळानं ठरवलेल्या अकरा अटी आहेत, सध्या त्यांची २०२० ची आवृत्ती चालते. आपल्याकडे सर्रास 'एफओबी' लिहिलं जातं. खरं तर कंटेनरच्या मालाला ती अट नीट बसत नाही. कंटेनर निर्यातदाराच्या ताब्यातून बंदराच्या यार्डात जातो, पण जोखीम मात्र तो बोटीवर चढेपर्यंत निर्यातदाराच्याच गळ्यात राहते. त्यासाठी 'एफसीए' नावाची अट आहे आणि मंडळाची शिफारस तीच आहे. कोल्हापूर ते न्हावाशेवा हा जवळपास चारशे किलोमीटरचा रस्ता, शिवाय यार्डातली वाट बघणी. तीन अक्षरांच्या फरकानं एवढ्या वेळेची जबाबदारी हलते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात बोटींवर हल्ले सुरू झाले आणि युरोपच्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या. ज्यांनी भाडं आपल्या अंगावर घेऊन भाव दिले होते त्यांचा नफा त्या वळशातच गेला. ज्यांची अट वेगळी होती ते शांत झोपले.

तिसरा प्रश्न पैशाचा. परदेशी पार्टी उधारी मागते. कोल्हापूरच्या बाजारात उधारी माणूस बघून देतात. हॅम्बुर्गच्या माणसाला कोण ओळखतो? मग एल.सी., म्हणजे बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट, येते. एल.सी.मध्ये बँक फक्त कागद बघते, मालाशी तिला कर्तव्य नसतं. कंपनीच्या नावात एक अक्षर कमी, बिल ऑफ लेडिंगवरची तारीख एक दिवस पुढची, एवढ्यावर पैसे अडकतात. एल.सी. नको असेल तर ईसीजीसीचा विमा आहे. ते सरकारी महामंडळ १९५७ पासून याच कामासाठी आहे. डॉलरचा भाव आज बांधून ठेवायचा असेल तर बँकेत फॉरवर्ड करार होतो. यातलं काहीही गुप्त नाही. तरी छोट्या निर्यातदाराला यातलं बरंचसं पहिलं नुकसान झाल्यावर कळतं. दोन-तीन वर्षांच्या अभ्यासात ते नुकसानीआधी कळतं, हा या पदवीचा मला सर्वांत रोकडा वाटणारा फायदा.

गुळाची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यात थोडं दुःखही आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शाहू मार्केट यार्डात दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे होतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. पण हा बाजार वर्षानुवर्षं गुजरातकडे बघून चालत आला, आणि गुजरातला पिवळाधमक गूळ हवा. पिवळेपणासाठी गुऱ्हाळात हायड्रॉस नावाचं रसायन पडतं. परदेशातला जो ग्राहक साखरेला पर्याय म्हणून गूळ घेतो, त्याला नेमका हायड्रॉस नसलेला, काळपट गूळ हवा असतो. तोही तीस किलोच्या रव्यात नव्हे, अर्ध्या किलोच्या पाकिटात किंवा पावडरीत, पाठीवर प्रयोगशाळेच्या अहवालाचा नंबर घेऊन. कुठला ग्राहक कोणत्या रंगाला किती पैसे देतो, याचा अभ्यास करणं म्हणजे बाजारपेठेचं संशोधन. हा विषय आयबीच्या अभ्यासक्रमात असतो.

शेजारच्या द्राक्षवाल्यांनी असलाच धडा महागात घेतला. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे महाराष्ट्रातल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. तपासणीच्या यादीत जे रसायन आपण धरलंच नव्हतं, तेच तिकडे तपासलं गेलं. त्यानंतर तपासणीची यादी आणि शिस्त दोन्ही बदलली. आज तासगाव, नाशिककडचा निर्यातक्षम बागाईतदार युरोपातल्या रसायनांच्या मर्यादा तोंडपाठ सांगतो. त्याच्याकडे पदवी नाही, पण तो जे शिकला ते आयबीच आहे, फीचे पैसे फक्त वेगळ्या खिडकीत भरले. गूळवाल्यांना तशी वेळ यायची वाट बघायचं कारण नाही.

साखरेबद्दल एकच सांगतो. २०२२ पासून सरकारनं साखरेच्या निर्यातीवर निर्बंध आणले, मग काही काळ ती जवळपास बंदच केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये दहा लाख टनांना परवानगी दिली. आंतरराष्ट्रीय व्यापारात परदेशी ग्राहकाइतकाच आपल्या सरकारचा स्वभाव अभ्यासावा लागतो. ऊसपट्ट्यातल्या पोरांना हे कुणी वेगळं शिकवायला नको.

इचलकरंजीचं काय? १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, त्यामागे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं पाठबळ होतं. शंभर वर्षांत गावानं कापडाचं विश्व उभं केलं. पण खर्चीवाला यंत्रमागधारक अजून मजुरीवरच आहे. सूत दुसऱ्याचं, कापड दुसऱ्याचं, परदेशी ग्राहक तिसऱ्याचा. इथल्या डीकेटीईमध्ये टेक्स्टाइल शिकलेल्या एखाद्या मुलानं वर व्यापाराचं शिक्षण घेतलं, तर तो ग्रे कापडाच्या पुढचा विचार करू शकतो. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या मुक्त व्यापार करारात कापड, कपडे, चामड्याच्या वस्तू आणि पादत्राणं यांवरचा ब्रिटिश आयातकर शून्यावर आणण्याची तरतूद आहे. संयुक्त अरब अमिरातींशी करार मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाशी त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून लागू आहे. असे करार हातात आपोआप पडत नाहीत. माल 'मूळचा इथलाच' हे नियमाप्रमाणे सिद्ध करून दाखला घ्यावा लागतो, तर सवलत. तो दाखला न घेता पूर्ण कर भरून माल जातो, तेव्हा सवलत कागदावरच राहते.

चपलेकडे पुन्हा एकदा येतो, कारण तिच्यात एक संधी दडलेली आहे. युरोपात चामड्याच्या वस्तूत षटसंयुजी क्रोमियम किलोला तीन मिलिग्रॅमच्या आत असावं, असा नियम २०१५ पासून आहे. क्रोमनं कमावलेल्या कातड्याला तो नियम घोर लावतो. पारंपरिक कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेलं असतं, म्हणजे हा अडथळा आपण जन्मतःच ओलांडलेला. ही गोष्ट किती विक्रेते आपल्या परदेशी ग्राहकाला कागदपत्रांसह सांगतात? 'जगात भारी' आपण म्हणतो ते खरंच आहे. फक्त भारी का, ते प्रयोगशाळेच्या भाषेत लिहून द्यावं लागतं. छोट्या विक्रेत्यासाठी आता टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रंही आहेत. एक-दोन जोडांचं पार्सलसुद्धा रीतसर निर्यात म्हणून पाठवता येतं.

आता नोकऱ्यांकडे. इथे पालकांशी स्पष्ट बोललेलं बरं. बीबीए आयबी झालेल्या मुलाची पहिली नोकरी बहुधा कागदांची असते. निर्यातदाराच्या ऑफिसात इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल. नाहीतर फॉरवर्डरकडे कंटेनरचं बुकिंग. नाहीतर कस्टम ब्रोकरकडे, म्हणजे ज्याला सगळे अजून सीएचए म्हणतात त्याच्याकडे धावपळ. पगार सुरुवातीला चांगल्या बीकॉमवाल्याहून फार निराळा नसतो. परदेश तर दूरच, पहिली दोन-तीन वर्षं पनवेल-उरणच्या बाजूला जातात. पण ही वर्षं वाया जात नाहीत. ब्रोकरकडे राहून कस्टमची परीक्षा देता येते, कार्ड मिळतं, आणि अनुभवी माणसाला मग कामाची वाण पडत नाही. बँकांच्या ट्रेड फायनान्स विभागात, परदेशी कंपन्यांच्या खरेदी कार्यालयांत, मोठ्या कारखान्यांच्या पुरवठासाखळीत जागा आहेत, त्या बहुधा एमबीएवाल्यांना आणि चांगल्या संस्थेतून आलेल्यांना मिळतात. त्या संस्थांची फी आता वीस लाखांच्या आसपास जाते. दिल्लीच्या आयआयएफटीला कॅट लागते, सिंबायोसिसला स्नॅप. सामान्य एमबीएची सीईटी देऊन तिथे जाता येत नाही, हे दरवर्षी कुणाला तरी उशिरा कळतं. बीबीएलाही राज्यात २०२४ पासून सीईटी आहे. काही कॉलेजांनी त्यातून सुटण्यासाठी पदवीचं नाव बदललं, तेव्हा प्रवेश घेताना पदवीवर नेमकं काय छापून येणार ते बघावं.

परदेशात जाऊन हीच पदवी घेण्याचा मोह मोठा आहे. त्यात जग बघणं आहे, भाषा आहे, आपल्या घरातल्या सवयींपासून दूर राहून शिकणं आहे. हे फायदे मी कमी लेखत नाही. पण शेत किंवा प्लॉट गहाण टाकून घेतलेल्या कर्जाचा हिशेब 'तिकडे नोकरी लागेलच' या एका वाक्यावर बांधणं धोक्याचं. ब्रिटननं शिक्षणानंतर राहण्याची मुदत दोन वर्षांवरून अठरा महिने करायचं ठरवलं आहे, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी. इतर देशांचेही नियम सरकारांबरोबर बदलतात. शिष्यवृत्ती मिळत असेल तर चित्र पार वेगळं. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतल्या विद्यार्थ्यांना जगातल्या वरच्या क्रमांकाच्या विद्यापीठांत शिकायला पाठवते. शुल्क, राहण्याचा खर्च, विमानभाडं सगळं त्यात येतं. चप्पल बनवणारी बहुतेक घरं चर्मकार समाजातली. त्या घरातल्या मुलीनं किंवा मुलानं या शिष्यवृत्तीवर व्यापाराचं आणि बौद्धिक संपदेचं शिक्षण घ्यावं आणि पुढच्या वेळी प्राडासारख्या कंपनीशी करार करताना महामंडळाच्या बाजूनं बसावं, यात अशक्य काही नाही. या शिष्यवृत्तीचं नाव चौकातल्या फलकांवर मोठ्या अक्षरांत दिसायला हवं. तसं ते दिसत नाही.

भाषेचा मुद्दा पोरं हसण्यावारी नेतात. इंग्रजी येतं म्हणजे झालं, असं वाटतं. पण कोल्हापूरच्या यंत्रभागांचा मोठा ग्राहक जर्मन बोलतो, दक्षिण अमेरिकेतला स्पॅनिश किंवा पोर्तुगीज. शिवाजी विद्यापीठात परकीय भाषांचा विभाग आहे. तिथले वर्ग आणि एमबीएचे वर्ग एकाच आवारात असूनही एकमेकांना फारसे ओळखत नाहीत. दोन वर्षं जर्मन शिकलेला साधा बीकॉम मुलगा मला निर्यातदाराच्या ऑफिसात पुष्कळ आयबीवाल्यांपेक्षा जास्त उपयोगी वाटेल.

म्हणजे ही पदवी कुणी घेऊ नये? ज्याला कशातच रस नाही आणि नाव भारदस्त वाटतं म्हणून जो येतो, त्यानं. इंजिनिअरिंग झालेल्या आणि घरची फाउंड्री असलेल्या मुलीला दोन वर्षांच्या एमबीएइतकाच फायदा एखाद्या चांगल्या सहा महिन्यांच्या निर्यात व्यवस्थापनाच्या कोर्समधून आणि मुंबईच्या फॉरवर्डरकडे घालवलेल्या एका पावसाळ्यातून होऊ शकतो. विदेश व्यापार महासंचालनालयाची निर्यात बंधू योजना २०११ पासून आहे. आयात-निर्यात कोड आता पॅन क्रमांकावरच मिळतो आणि त्याची फी ५०० रुपये आहे. एवढ्यात सुरुवात होते. पण ज्याला हे क्षेत्रच आपलं करायचं आहे, त्याला सुट्या कोर्सांतून एक गोष्ट मिळत नाही. कायदा, चलन, बाजार, वाहतूक आणि राजकारण एकमेकांत कसे गुंतले आहेत हे एकत्र बघण्याची सवय त्याला पदवीच लावते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या करवाढीची बातमी आली तेव्हा कुणी डोक्याला हात लावला, तर कुणी त्याच आठवड्यात दुसऱ्या देशातल्या ग्राहकांची यादी काढली. ज्याला अशी सवय आहे तोच यादी काढायला बसतो.

कोल्हापुरात व्यवस्थापनाचं शिक्षण नवं नाही. डॉ. ए. डी. शिंदे यांनी १९७६ मध्ये सायबर संस्था सुरू केली. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. आता केआयटी, संजय घोडावत विद्यापीठ, डी. वाय. पाटील समूह असे बरेच जण आहेत. एमबीएला आंतरराष्ट्रीय व्यापार हा विषय घेता येतो. कमतरता शिकवणाऱ्यांच्या अनुभवाची आहे. आयुष्यात एकही शिपिंग बिल न भरलेला प्राध्यापक शिपिंग बिल शिकवतो, आणि दहा किलोमीटरवर शिरोलीत रोज ती भरणारा माणूस कधी वर्गात बोलावला जात नाही. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, स्मॅक, गोशिमा या उद्योजकांच्या संघटना, बाजार समिती आणि कॉलेजं यांनी ठरवलं तर जिल्ह्यातल्या प्रत्येक आयबीच्या विद्यार्थ्याला एक खरी निर्यात ऑर्डर सुरुवातीपासून पैसे जमा होईपर्यंत हाताळायला मिळेल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही आणि अनुदानही लागत नाही.

तोवर पालकांनी एवढं करावं. प्रवेशाच्या खिडकीशी जाण्याआधी कॉलेजच्या विभागप्रमुखांना तीन गोष्टी विचारा. कस्टमचे कागद कोण शिकवतो आणि त्यानं स्वतः किती कन्साइनमेंट काढल्या आहेत? गेल्या वर्षीची पोरं इंटर्नशिपला कोणत्या निर्यातदाराकडे आणि किती आठवडे होती? आणि परदेशी भाषा कोणती, किती तासांची? उत्तरं नावानिशी आणि आकड्यांनिशी मिळाली तर फी भरा. 'बघू, होईल सगळं' असं उत्तर आलं, तर त्या पैशात मुलाला जर्मनच्या वर्गाला घाला आणि बीकॉम करू द्या.